पगारदाराचा कागद आणि दुकानदाराचा कागद: फी सवलत कुणाला मिळावी?

विचारलेला प्रश्न थोडक्यात असा. नागपुरातल्या एका खासगी विनाअनुदानित शाळेत दोन मुलं, एक सातवीत, एक चौथीत. वडील बुटीबोरीला कारखान्यात, एकूण पगार महिना 58,000. एका मुलाची वर्षाची फी 78,000. सासूबाईंचं आजारपण सुरू झाल्यावर आईने फी सवलतीचा अर्ज केला. "वार्षिक उत्पन्न 5 लाखांच्या वर आहे" एवढं एक वाक्य लिहून तो परत आला. त्याच वर्गातल्या एका मुलाच्या वडिलांचं गांधीबागेत कापडाचं दुकान आहे, मुलगा रोज गाडीने येतो, आणि त्याला अर्धी फी माफ झाली. हा न्याय आहे का, सवलत हा आमचा हक्क नाही का, आणि आता काय करता येईल?

ताई, तुमच्या अर्जाला मिळालेलं उत्तर चुकीचं आहे, असं माझं स्पष्ट मत आहे. पण दुकानदाराला सवलत मिळाली म्हणून ते चुकीचं ठरत नाही. त्यांचं घर कसं चाललंय हे तुम्हाला माहीत नाही आणि मलाही नाही. चूक शाळेच्या मोजमापात आहे.

मी 19 वर्षं नागपुरातल्या एका विनाअनुदानित शाळेचा हिशेब सांभाळला. त्यातली शेवटची 11 वर्षं फी सवलत समितीत होते. सुरुवातीला आम्हीही हेच करायचो. एका आकड्याची रेघ ओढायची, वरचे अर्ज एका गठ्ठ्यात, खालचे दुसऱ्या. अर्ध्या दिवसात काम उरकायचं आणि आम्हाला वाटायचं, आकडा सगळ्यांना सारखा लावला म्हणजे न्याय झाला. तसा तो होत नाही हे कळायला मला तीन-चार वर्षं लागली.

आधी कागदांचं बघू. पगारदाराचा कागद म्हणजे फॉर्म 16, कंपनीने दिलेला वर्षाच्या पगाराचा आणि कापलेल्या कराचा दाखला. त्यात पीएफला जाणारा पैसाही उत्पन्नात धरलेला असतो. जो रुपया तुमच्या हाताला कधी लागलाच नाही, तोही तुमचाच म्हणून दिसतो. तुमचे 58,000 गुणिले 12 म्हणजे 6,96,000. रेघेच्या कितीतरी वर.

दुकानदाराचा कागद म्हणजे आयकर विवरणपत्र. लहान व्यापाऱ्यांसाठी आयकरात अनुमानित उत्पन्नाची सोय आहे. उलाढाल 2 कोटींच्या आत असेल तर रोखीच्या विक्रीवर किमान 8 टक्के आणि बँकेतून किंवा यूपीआयने आलेल्या रकमेवर किमान 6 टक्के नफा धरून कर भरता येतो. हिशेबाच्या वह्या ठेवण्याची सक्ती नाही. वर्षाला 60 लाखांची विक्री करणाऱ्या दुकानाचं उत्पन्न कागदावर 4,80,000 दिसू शकतं, सगळी विक्री यूपीआयने असेल तर 3,60,000. दोन्ही 5 लाखांच्या आत. जे रीतसर वह्या ठेवतात त्यांच्या नफ्यातून गाडीचा, फर्निचरचा घसारा, म्हणजे वापराने घटलेली किंमतही वजा होते, पण घसाऱ्यात त्या वर्षी खिशातून रोकड जात नाही. यात फसवणूक कुठेच नाही. तो आकडा कर ठरवण्यासाठी तयार झालेला आहे, घरात किती उरतं हे सांगण्यासाठी नाही. शाळा त्याला नको ते काम लावते.

म्हणजे व्यापाऱ्यांना सवलत देऊच नये का? तसं अजिबात नाही. इथे मला एक प्रसंग सांगायलाच हवा, कारण त्यात निर्णय देणाऱ्यांमध्ये मी स्वतः होते.

इतवारीत होजिअरीचा छोटा धंदा असलेल्या एका गृहस्थांचा अर्ज होता. कागदावर उत्पन्न कमी होतं. समितीतले एक सदस्य म्हणाले, "यांच्याकडे मारुती व्हॅन आहे, मी रोज गेटवर बघतो." बाकी आम्ही सगळ्यांनी माना डोलावल्या आणि अर्ज नामंजूर केला. दिवाळीनंतर मुलाचं नाव कमी झालं. दाखला न्यायला वडील आले तेव्हा बोलता बोलता कळलं की ती व्हॅन मालाची होती. सकाळी मुलाला सोडायचं आणि तिथूनच कामठी, कन्हान, सावनेरच्या दुकानांत माल टाकत फिरायचं. त्या दुकानदारांकडे त्यांची उधारी अडकली होती, आणि इकडे सुताच्या व्यापाऱ्याचं व्याज चढत होतं. गाडी विकली असती तर धंदाच बंद पडला असता. हे सगळं आम्ही त्यांना एकदा बसवून विचारलं असतं तर दहा मिनिटांत कळलं असतं. आम्ही विचारलं नाही. तो मुलगा पाचवीत होता. आजही त्याचा चेहरा मला आठवतो.

त्यानंतर मी समितीत हट्ट धरला की गेटवर दिसलेल्या गोष्टीवरून निर्णय होणार नाही आणि एकट्या उत्पन्नाच्या आकड्यावरूनही होणार नाही. प्रत्येक घरासाठी एकच पान भरायचं: महिन्याला हातात किती येतं, न टाळता येण्यासारखा खर्च किती, फी भरल्यावर किती उरतं आणि ते किती माणसांत उरतं. पगारदार, दुकानदार, शेतकरी, ऑटोवाला, सगळ्यांना तेच पान.

तुमचंच पान मी इथे भरून दाखवते. तुम्ही दिलेले आकडे असे: हातात 51,400. घराच्या कर्जाचा हप्ता 19,500. सासूबाईंची औषधं आणि तपासण्या 6,000. दोन मुलांची व्हॅन 3,600. दोघांची फी वर्षाला 1,56,000, म्हणजे महिन्याला 13,000. उरले 9,300. त्यात पाच माणसांचा किराणा, भाजी, गॅस, वीज आणि बुटीबोरीला जायचं-यायचं पेट्रोल. एप्रिल-मेमध्ये आजारी माणूस घरात असताना कूलर दिवसरात्र चालतो, त्याचं बिल वेगळं. हे पान समोर असताना "उत्पन्न 5 लाखांच्या वर" असं लिहून अर्ज परत करायला कुणाचाही हात अडखळला असता. तो अडखळला नाही, कारण असं पान कुणी भरलंच नाही.

घराचा हप्ता खर्चात धरावा का, यावर आमच्याकडे नेहमी वाद व्हायचा. कुणी म्हणायचं, घर घेतलं ही त्यांची निवड, तिचा भार शाळेने का उचलावा? मुद्दा खरा आहे. मी त्यावर असा मार्ग काढला होता: त्या भागात तेवढ्याच घराला जे भाडं पडलं असतं तेवढीच रक्कम खर्चात धरायची, वरची धरायची नाही. मनीषनगरला दोन खोल्यांचं भाडं भरणाऱ्याला आणि बेसा रोडला फ्लॅटचा मोठा हप्ता भरणाऱ्याला मग एकाच मापाने तोलता येतं. तुमच्या हप्त्यातून त्यामुळे काही हजार कमी धरले जातील. ते मान्य करा. तरीही तुमची बाजू भक्कमच राहते.

शेतकऱ्यांचं सगळ्यात अवघड. शेतीच्या उत्पन्नावर आयकर नाही, त्यामुळे विवरणपत्र नसतं. तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला असतो, आणि तो बघून समिती एक तर पूर्ण विश्वास ठेवते नाहीतर अजिबात ठेवत नाही. काटोलकडचे एक संत्रा बागायतदार अर्ज घेऊन आले होते. मुलगी नागपुरात मामाकडे राहून शिकत होती. सातबारा पाहताच एक जण म्हणाले, "सात एकर संत्रा म्हणजे लखपती." त्या माणसाने काहीच उत्तर दिलं नाही. पिशवीतून कळमना बाजारातल्या दोन वर्षांच्या पट्ट्या काढून टेबलावर ठेवल्या. रबरबँड लावलेल्या, घामाने मऊ झालेल्या. प्रत्येकीवर माल किती, भाव काय, हमाली-तोलाई जाऊन हातात किती, सगळं लिहिलेलं. आधीच्या वर्षाच्या पट्ट्यांचा गठ्ठा बोटभर जाड होता, चालू वर्षाच्या मोजून चार, कारण फळगळ झाली होती. त्याखाली पंचनाम्याची झेरॉक्स. मी कॅल्क्युलेटर घेऊन बेरीज करत गेले आणि खोलीत कुणी बोललं नाही. लखपती म्हणणारे सदस्यच शेवटी म्हणाले, "पाऊण फी माफ करू."

त्या दिवशी आणखी एक गोष्ट लक्षात आली. संत्र्याचे हंगाम दोन: आंबिया बहाराचा पैसा ऑक्टोबर ते डिसेंबरात येतो, मृग बहाराचा फेब्रुवारीनंतर. विदर्भात शाळा उन्हामुळे जूनच्या अखेरीस उघडतात आणि पहिला हप्ता तेव्हाच मागतात. नेमकं तेव्हा बियाणं, खत, फवारणी यात शेतकऱ्याचा हात रिकामा असतो. त्याला कित्येकदा फी माफी नकोच असते, तारीख हवी असते. शाळेला एक पैचा खर्च न येता देता येईल अशी ही सवलत आहे, आणि तीच शाळा सहसा देत नाही. उलट उशीर झाला म्हणून विलंब शुल्क लावते.

यावरून मला शाळांच्या सगळ्यात मोठ्या अन्यायाकडे यायचं आहे. तो सवलत समितीत होत नाही, फीच्या पावतीपुस्तकात होतो. पुष्कळ शाळा वर्षाची फी एप्रिलमध्ये एकरकमी भरणाऱ्याला 5 टक्के सूट देतात. 78,000 वर 3,900 रुपये. ही सूट कुणाला मिळते? ज्याच्या खात्यात एप्रिलमध्ये 78,000 पडून आहेत त्याला. ज्याला हप्ते पाडून घ्यावे लागतात तो पूर्ण फी भरतो आणि एखादा हप्ता चुकला तर वरून दंडही भरतो. 200 पालकांनी ही सूट घेतली तर शाळेचे 7,80,000 रुपये गेले. तेवढ्यात 20 मुलांची अर्धी फी माफ झाली असती. शाळेला रोकड आधी हातात येते, हे मला हिशेबनीस म्हणून कळतं, आणि थोडी सूट त्यासाठी समर्थनीयही आहे. पण तीच शाळा जेव्हा "सवलतीसाठी निधी नाही" असं लिहून देते तेव्हा ते खरं नसतं. निधी असतो, तो आधीच दुसरीकडे वाटलेला असतो.

भावंडांची सूट, कर्मचाऱ्यांच्या मुलांची सूट, टॉपरची शिष्यवृत्ती, हे सगळं त्याच थैलीतून जातं. कर्मचाऱ्यांच्या मुलांबद्दल माझी तक्रार नाही. विनाअनुदानित शाळेतल्या शिपायाचा आणि बऱ्याच शिक्षिकांचा पगार मी रजिस्टरवर स्वतः लिहिला आहे. टॉपरबद्दल मात्र आहे. 90 टक्क्यांच्या वर गुण मिळाले की निम्मी फी माफ, असं लिहिलं की ती बहुतेक वेळा शिकवणीचे पैसे ज्यांनी आधीच भरले आहेत त्यांच्याच घरी जाते. आपल्या देशाने हा प्रयोग मोठ्या प्रमाणावर करून पाहिला आहे. 1993 मध्ये उन्नीकृष्णन खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने खासगी व्यावसायिक महाविद्यालयांत निम्म्या जागा गुणवत्तेवर "मोफत", म्हणजे सरकारी महाविद्यालयाइतक्याच फीच्या, आणि निम्म्या जास्त फीच्या, अशी योजना घालून दिली. त्या मोफत जागांवर चांगल्या शाळांत शिकलेली शहरी मुलं बसली आणि त्यांचा खर्च फीच्या जागांवरच्या मुलांवर पडला, अशी टीका झाली. 2002 मध्ये टी. एम. ए. पै खटल्यात 11 न्यायमूर्तींच्या घटनापीठाने ती योजना मोडीत काढली. गुणांचं कौतुक अवश्य करावं, ढाल द्यावी, पुस्तकं द्यावीत. फी माफी गरजेवर असावी.

आता कायद्याचं, कारण तुम्ही "हक्क" हा शब्द वापरला आहे. 2009 चा शिक्षणहक्क कायदा, म्हणजे आरटीई, खासगी विनाअनुदानित शाळांना प्रवेशाच्या पहिल्या वर्गात 25 टक्के जागा वंचित आणि दुर्बल घटकांसाठी ठेवायला लावतो. अल्पसंख्याक शाळा त्यातून वगळलेल्या आहेत. महाराष्ट्र सरकारने फेब्रुवारी 2024 मध्ये एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल तर खासगी शाळांना या बंधनातून सूट दिली होती; मुंबई उच्च न्यायालयाने जुलै 2024 मध्ये ती रद्द केली. या 25 टक्क्यांच्या पलीकडे कुणाची फी कमी करा, असं खासगी शाळेला सांगणारा कायदा नाही. धर्मादाय रुग्णालयांना निर्धन आणि दुर्बल रुग्णांसाठी प्रत्येकी 10 टक्के खाटा ठेवाव्या लागतात. शाळाही बहुतेक धर्मादाय न्यासांच्याच असतात, पण त्यांना असं बंधन नाही. असायला हवं, असं मला मनापासून वाटतं.

आरटीईत दुर्बल घटकाची उत्पन्नाची मर्यादा वर्षाला 1 लाख रुपये. महिन्याला 8,333. या रेघेच्या जरा वरचं घर आणि तुमचं घर यांच्यामध्ये नागपुरातली कितीतरी घरं येतील. त्यांना कायदा मदत करत नाही आणि शाळा करेलच असं नाही. एकदा ओढलेली रेघ महागाईबरोबर सरकत नाही, हा अनुभव जुना आहे. यशवंतराव चव्हाण मुख्यमंत्री असतानाच्या ई.बी.सी., म्हणजे आर्थिकदृष्ट्या मागासांच्या फी सवलतीची मर्यादा वर्षाला 1,200 रुपये होती. आज तो आकडा वाचून खरा वाटत नाही.

तुम्ही विचारलेलं नाही, तरी एक गोष्ट इथेच सांगते, कारण तुमच्या मुलांच्या वर्गातही अशी मुलं असतील. आरटीईची मोफत शाळा आठवीला संपते. नववीच्या पहिल्या दिवशी त्याच मुलाच्या हातात पूर्ण फीचं चलन येतं. आठ वर्षं ज्या बाकावर बसला तो बाक एका उन्हाळ्यात 78,000 चा होतो. केंद्राची एनएमएमएस शिष्यवृत्ती नववीपासून वर्षाला 12,000 देते, पण ती सरकारी, स्थानिक संस्थांच्या आणि अनुदानित शाळांतल्या मुलांसाठी आहे, त्यामुळे यांना तीही नाही. आठवीच्या निकालाच्या दिवशी माझ्या खिडकीशी उभ्या राहिलेल्या आया मी पाहिल्या आहेत. पैशांचं विचारायच्या नाहीत, "मॅडम, दाखला कधी मिळेल" एवढंच विचारायच्या. माझ्या मते कुठल्याही शाळेच्या सवलतीच्या पैशावर पहिला हक्क या मुलांचा आहे, तुमच्याही आधी. तुम्हाला हे वाचून वाईट वाटू नये. एकदा सवलत दिली की दहावीपर्यंत ती काढून घ्यायची नाही, असा नियम आम्ही शेवटी केला, तो याच आयांमुळे.

आता तुम्ही काय करायचं.

महाराष्ट्राच्या 2011 च्या शुल्क विनियमन कायद्याप्रमाणे प्रत्येक खासगी शाळेत पालक-शिक्षक संघाची कार्यकारी समिती असावीच लागते आणि फीचा प्रस्ताव हिशेबासकट तिच्यासमोर यावाच लागतो. तिच्यात प्रत्येक इयत्तेचा एक पालक असतो. तुमच्या दोन्ही मुलांच्या इयत्तांचे ते पालक कोण, हे शोधा आणि त्यांना भेटा. तुमच्या अर्जाबद्दल बोलू नका. तो तुमचा खासगी विषय आहे आणि खासगीच राहायला हवा. त्यांना तीन गोष्टी विचारायला सांगा: गेल्या वर्षी सगळ्या प्रकारच्या सवलतींवर मिळून किती रक्कम गेली, त्यातली गरजेवर किती गेली, आणि गरज मोजण्याचे निकष लेखी कुठे आहेत. नावं अजिबात मागायची नाहीत. कुणाच्या मुलाला काय मिळालं हे गेटवर चघळलं जाऊ लागलं की ज्यांना खरी गरज आहे तेच अर्ज करायचं थांबवतात. जुन्या लोकांच्या तोंडी फी माफीसाठी "नादारी" हा शब्द होता. वर्गात नादारीवाल्या मुलांना उभं करून नावं वाचली जायची, ते माझ्या वडिलांच्या आयुष्यभर लक्षात राहिलं. म्हणूनच त्या दुकानदाराचा विषय तुमच्या अर्जात एका अक्षरानेही आणू नका.

अर्ज पुन्हा करा. तो नवा अर्ज नसून फेरविचाराचा अर्ज आहे, असं वर लिहा. सोबत तीन महिन्यांच्या पगाराच्या स्लिपा जोडा, कारण फॉर्म 16 मध्ये हातात किती येतं ते दिसत नाही. बँकेचं सहा महिन्यांचं स्टेटमेंट, कर्जाच्या हप्त्याचा तक्ता, सासूबाईंच्या उपचारांची बिलं आणि डॉक्टरांचं पुढे किती काळ उपचार लागतील याचं पत्र जोडा. वर एक पान, मी दाखवलं तसं, आकड्यांचं. लांबलचक विनवणी लिहू नका. समितीतली माणसं आकडे वाचतात, विनवण्यांनी ती संकोचतात. किती हवं ते नेमकं लिहा. "जमेल तेवढी मदत करावी" असं लिहिलेल्या अर्जाला सगळ्यात कमी मिळतं, हे मी वर्षानुवर्षं पाहिलं आहे. तुमच्या आकड्यांवरून मी धाकट्याची अर्धी फी, म्हणजे 39,000, दोन वर्षांसाठी मागितली असती आणि थोरल्याच्या फीचे दहा समान हप्ते, विलंब शुल्काशिवाय. त्याने तुमच्या घरात महिन्याला 3,250 रुपये जास्त उरतील. फार नाहीत, पण औषधांचा निम्म्याहून अधिक खर्च त्यात निघतो.

मुख्याध्यापकांच्या नावे द्या, दुसऱ्या प्रतीवर तारखेसह पोच घ्या. समितीसमोर दहा मिनिटं बोलू द्यावं, अशी एक ओळ शेवटी घाला. आणि फीचा विषय निघाल्यावर वर्गशिक्षिका मुलांसमोर काही बोलल्या, किंवा वर्गाच्या व्हॉट्सअॅप गटावर थकबाकीदार म्हणून तुमचं नाव टाकलं, तर त्या दिवशीच मुख्याध्यापकांना लेखी कळवा. आरटीईच्या कलम 17 मध्ये मुलाला मानसिक त्रास देण्याला मनाई आहे, ती सवलतीत शिकणाऱ्या आणि पूर्ण फी भरणाऱ्या, दोन्ही मुलांना लागू आहे.

शाळेची पुढच्या वर्षाची सवलतीची रक्कम बहुधा मार्चमध्ये ठरते. अर्ज फेब्रुवारीतच पोचवा.